आजीची गोळी आणि शेरू

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आपल्या घरांत दिवाळी नसली तरी फटाक्यांचा आवाज काही घर विचारून आत येत नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास लातूरहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. जयभीम झाला आणि ती एकदम रडकुंडीला आली.

"ताई, शेरू लई थरथर कापायलाय गं. दोन तास झाले, मोरीत जाऊन बसलाय. तोंडातून लाळ गळायलीय. आजी म्हणायल्यात, माझी अर्धी गोळी दे त्याला. देऊ का?"

आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. शेरू म्हणजे तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. तीन वर्षांपूर्वी पावसात भिजलेले पिल्लू म्हणून दारात आला आणि घरचाच झाला. आम्ही त्या वेळी नांदेडला ताटे वाढत होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात भाकरीची टोपली. त्या गडबडीत "अर्ध्या गोळीनं काय होतंय, दे की" असे म्हणून आम्ही मोकळे झालो. ही चूक आमची. ती तशीच झाकून ठेवली असती, पण त्यानंतर ओळखीच्या दोन-तीन घरांतून हाच प्रश्न आमच्या कानावर आला. तेव्हा या आठवड्याचे सदर त्या चुकीच्या भरपाईसाठी.

तासाभराने पुन्हा फोन आला. शेरू झोपला नव्हता. उलट उठून घरभर फिरत होता. पाय लटपटत होते, भिंतीला धडकत होता, खाण्यासाठी भांडी हुंगत होता. एक मोठा बार झाला तसा तो ओट्यावरून खाली कोसळला. बहिणीचा सात वर्षांचा मुलगा त्याला उचलायला धावला आणि तीन वर्षांत एकदाही न गुरगुरलेल्या शेरूने त्याच्या हाताला दात लावले.

त्या घरात ती रात्र कशी गेली असेल याची वाचकांनी कल्पना करावी. पोराचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतला, एवढे शहाणपण बहिणीला सुचले. सकाळी सरकारी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. दाजी दालमिलमध्ये हमाली करतात. त्यांचा दिवसाचा खाडा झाला. ते संतापून म्हणाले, "आजच याला पोत्यात घालून औशाच्या रस्त्याला सोडून येतो." आजी मात्र कोपऱ्यात बसून एकच बोलत होत्या, "गोळी माझी होती. त्याचा काय दोष?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आता प्रश्न असा की, मुळात आजीने गोळी देऊ का म्हटले, ते चुकीच्या भावनेतून का? मुळीच नाही. त्या गोळीची हकिकत सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आजीचे गाव किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला थोडी मिनिटे असताना, जो भूकंप झाला तो त्यांनी मातीच्या घरात सोसला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आजी वाचल्या, पण कुठे धाडकन आवाज झाला की आजही त्यांचा जीव दारापर्यंत धावतो. रात्री दाराजवळच झोपतात. काही वर्षांपासून डॉक्टरांनी त्यांना मन शांत राहण्याची गोळी लिहून दिली आहे. तेव्हा मोरीत थरथरणाऱ्या शेरूकडे पाहून त्यांना वाटले, "याला माझ्यासारखंच होतंय. माझ्या गोळीनं मला बरं वाटतं, तर याला का वाटू नये?"

खरे सांगायचे तर आजीचे निम्मे म्हणणे शास्त्राच्या अगदी जवळ होते. चुकले ते उरलेले निम्मे.

कुत्र्याची भीती खरी असते का?

पुष्कळांना वाटते की कुत्रा नाटक करतो, लाडावलेला आहे, एक रट्टा दिला की गप्प बसेल. तसे नाही. माणसाच्या कानाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्याला जो बार नुसता मोठा वाटतो, त्यातले आणखी बरेच काही त्याच्या कानात शिरते. शिवाय आज दिवाळी आहे, उद्या संपेल, हे त्याला कोण सांगणार? अंग कापणे, धापा टाकणे, लाळ गळणे, शेपूट पोटात घालणे, पलंगाखाली किंवा मोरीत दडणे, जागेवर लघवी होणे, दोरी तोडून पळणे ही सगळी भीतीचीच लक्षणे आहेत.

याचा एक जुना दाखला रशियातला आहे. घंटी वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा पाव्हलॉव्ह यांचा प्रयोग आपल्या मुलांच्या पुस्तकात असतो. सप्टेंबर १९२४ मध्ये त्यांच्या लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला आणि प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी गळ्यापर्यंत चढल्यावर नोकरांनी त्यांना कसेबसे बाहेर काढले. जीव वाचला, पण त्यांतले काही कुत्रे शिकवलेले सगळे विसरून गेले. पुढे बरे वाटू लागल्यावर एकाच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तर तो पुन्हा पहिल्यासारखा बिथरला. आपल्या किल्लारीच्या आजी आणि तो कुत्रा यांत फार फरक आहे असे आम्हाला वाटत नाही.

त्याच पाव्हलॉव्ह यांनी बिघडलेल्या कुत्र्यांना ब्रोमाइड देऊन पाहिले. हे त्या काळी माणसांना मन शांत करण्यासाठी देत असलेले औषध. म्हणजे माणसाचे औषध कुत्र्याला देण्याची कल्पना शंभर वर्षांची आहे. पण त्यांना काय आढळले? एका कुत्र्याला जेवढ्याने गुण येतो, तेवढ्यानेच दुसरा अधिक बिघडतो. प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे मात्रा शोधावी लागते. हे त्यांनी प्रयोगशाळेत, रोज नोंदी ठेवून शोधले. आम्ही नांदेडहून भाकरी वाढता वाढता फोनवर ठरवले!

मग माणसाची औषधे कुत्र्याला चालतच नाहीत का?

चालतात, आणि पशुवैद्य ती देतातही. आजी ज्या कुळातली गोळी घेतात, त्यातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले आणि डायझेपाम १९६३ साली. या औषधांचा गुण माणसाच्या आधी प्रयोगशाळेतल्या उंदीर-मांजरांत दिसला होता. माणसाच्या उदासीनतेवर देतात ते फ्लुओक्सेटिन. एकटे राहिल्यावर घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी अमेरिकेत त्याला २००७ साली मान्यता मिळाली. आवाजाला भिणाऱ्या कुत्र्यांसाठी हिरड्यांना लावायचे एक औषध तिथे २०१५ साली मान्य झाले. अल्प्राझोलम, ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही माणसांचीच औषधे आहेत, आणि जाणकार पशुवैद्य ती कुत्र्यालाही लिहून देतात.

तेव्हा औषध एक असले तरी ते कोणी, कोणाला, किती आणि काय तपासून दिले, यावर सगळे अवलंबून आहे. आजीच्या पाकिटातली गोळी मोडून का देऊ नये, याची कारणे आम्ही नंतर नीट समजून घेतली, ती क्रमाने सांगतो.

पहिले कारण शेरूच्या चाव्याचे. अल्प्राझोलम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांनी काही कुत्रे शांत होण्याऐवजी उलटे चाळवतात, भूक भडकते, तोल जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भ्यालेला कुत्राही एरवी घरच्यांना चावत नाही, कारण तो स्वतःला आवरतो. ही गोळी भीती पुरती घालवत नाही, पण तो आवर मात्र सैल करते. दारू प्यालेला शांत माणूस एकदम अंगावर येतो, तसेच हे. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ही गोष्ट मुळीच विसरू नये.

दुसरे कारण शरीराचे. कुत्रा म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. औषध शरीरातून बाहेर टाकण्याची त्याची पद्धत वेगळी. काही औषधे त्याला माणसापेक्षा जास्त लागतात, काही माणसाच्या मानाने कणभर दिली तरी घात करतात. पाच वर्षांच्या पोराची मात्रा म्हणजे कुत्र्याची मात्रा, हा हिशेब साफ चुकीचा. अंगदुखीवरची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड निकामी करते. तापाची पॅरासिटामॉल त्याचे यकृत जाळू शकते, आणि मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरते. काही पातळ औषधांत आणि साखर नसलेल्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, तीही कुत्र्याला विष आहे.

तिसरे कारण असे की भीतीच्या मागे दुखणे असू शकते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २०१८ मध्ये आवाजाला भिणाऱ्या काही कुत्र्यांचा अभ्यास झाला. त्यांतल्या कित्येकांचे सांधे किंवा स्नायू दुखत होते. आवाजाने अंग आखडते, आखडले की कळ येते, आणि मग आवाज म्हणजेच कळ असे त्याच्या डोक्यात बसते. अशा कुत्र्याला झोपेची गोळी म्हणजे तापलेल्या पोराला अंगाई म्हणण्यासारखे.

इथेच एक इशारा देतो. कुत्रा एकाएकी भित्रा, चिडका किंवा गप्प झाला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, जबडा लोंबला, तर ते फटाक्यांचे काम समजू नका. ती पिसाळण्याची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडात गोळी घालायला हात नेऊ नका. मुलांना दूर करा, जमल्यास त्याला खोलीत बंद करा आणि पशुवैद्याला कळवा.

चौथे कारण कायद्याचे. अल्प्राझोलम, डायझेपाम ही औषधे २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. हा त्रास उगाच नाही. या गोळ्यांची सवय लागते. आपल्या नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणात ताडीत अल्प्राझोलम मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीला आली आहेत. ती ताडी पिणारी माणसे बहुतेक आपल्यासारखी कष्टकरीच असतात. तेव्हा "मेडिकलवाला ओळखीचा आहे, देईल" असे म्हणून अशी पाने घरात आणून ठेवू नयेत.

मात्र याच औषध नियमांत कुत्र्याची सोयही आहे. औषध जनावरासाठी असेल तर चिठ्ठीवर मालकाचे नाव-पत्ता लिहावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पशुवैद्याने चिठ्ठी दिली तर माणसांच्या दुकानातून कुत्र्यासाठी राजरोस औषध घेता येते. चोरून मोडण्याची गरजच नाही.

पाचवे कारण आम्हाला सगळ्यांत जास्त टोचले. आजीच्या गोळ्या महिन्याच्या मोजून आणलेल्या असतात. अर्धी शेरूला, अर्धी उद्या पुन्हा, असे केले तर महिनाअखेरीला आजीच्या वाट्याला काय राहणार? रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद पडली तर झोप उडते, हातपाय कापतात, घाबरेपणा दुप्पट होतो, कधी झटकेही येतात. आपल्या घरांत म्हाताऱ्या बायका स्वतःच्या ताटातले नातवाला काढून देतात, तशाच औषधही काढून देतात. त्यांनी दिले म्हणून आपण घेऊ नये.

गिधाडांनी शिकवलेला धडा

माणसाचे औषध जनावराला दिल्याने केवढा अनर्थ होतो, याचे आपल्याच देशातले उदाहरण गिधाडांचे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने गिधाडे फार जवळून पाहिली. मेलेली ढोरे ओढण्याचे काम त्यांच्या माथी मारलेले होते आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी ते झिडकारले. तेव्हा गावाबाहेर गिधाडांचे थवे उतरत. आज मराठवाड्यातल्या पोराला गिधाड पुस्तकातच दाखवावे लागते.

डायक्लोफेनॅक हे माणसाच्या अंगदुखीचे औषध. ते स्वस्त, म्हणून गुरांनाही टोचू लागले. असे गुरू मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. हे कारण २००४ साली जगापुढे आले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. सरकारने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. शेवटी २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकायचे, असा नियम करावा लागला. गुरे टोचणाऱ्या कोणाच्याही मनात गिधाडांचे वाईट नव्हते. जनावराची कळ थांबावी एवढेच होते. आजीच्याही मनात तेवढेच होते.

दवाखान्यात काय झाले?

पोराला लस देऊन आल्यावर बहीण दाजींच्या हातापाया पडली आणि शेरूला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. तिने एक चांगले केले. गोळीचे रिकामे पाकीट सोबत नेले. कोणती गोळी, किती ताकदीची, किती वाजता दिली, हे डॉक्टरांना लगेच कळले. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. कुत्र्याने चुकून माणसाचे औषध खाल्ले तर लाजून लपवू नका, पाकीट घेऊन तडक जा. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, त्याने दुसरेच विष होते.

डॉक्टरांनी रागावण्याऐवजी शेरूला काट्यावर उभे केले, छाती तपासली आणि मग कान उलटून पाहिला. आत पू झालेला होता. दुखऱ्या कानावर फटाका म्हणजे काय, हे कान फुटलेल्या कोणालाही विचारा. कानाचे औषध सुरू झाले. गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी उतरला. शेरूला पिसाळण्याची लस वेळेवर दिलेली होती. तरी दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि पोराची लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा ठरलेल्या दिवशी पुरी करायला बजावले. कुत्रा घरचा आहे म्हणून लस अर्धवट सोडू नये.

आणि भीतीचे? डॉक्टर म्हणाले, "कान बरा होऊ द्या. नंतरही भ्यायलाच तर मी औषध देईन. पण सणाच्या आधी एका शांत दिवशी देऊन बघायचं. कसा वागतो ते तुम्ही मला सांगायचं. मग ठरवू." आम्ही फोनवर ठरवले होते आणि त्यांनी तपासून ठरवले, फरक एवढाच. जुन्या काळी वापरत ते असेप्रोमाझिन याच्याबद्दलही त्यांनी सांगितले की, त्याने अंग लुळे पडते, पण कुत्रा आतून तितकाच घाबरलेला असू शकतो. गप्प पडला म्हणजे बरा झाला असे नव्हे.

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. आपल्या भागात उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. खासगी दवाखाना परवडत नाही म्हणून आजीच्या पाकिटाकडे वळण्याआधी या दारांवर एकदा जाऊन पाहावे.

बिनपैशाचे उपाय

औषधाच्या आधी करायच्या पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही.

सणाच्या दिवशी कुत्र्याला दुपारीच फिरवून आणावे, लवकर खाऊ घालावे. संध्याकाळनंतर बाहेर नेऊ नये. घरातली सर्वांत आतली जागा, पलंगाखाली किंवा कपाटामागे, जुनी गोधडी टाकून द्यावी. मोरीत बसला तर मोरीत बसू द्यावे, ओढून काढू नये. दारे-खिडक्या लावून पंखा आणि रेडिओ चालू ठेवावा, म्हणजे बाहेरचा बार बोथट होतो. साखळीने बांधू नये. बांधलेला कुत्रा भीतीने स्वतःला इजा करून घेतो. गळ्यात पट्टा आणि त्यावर घरचा फोन नंबर असावा, कारण पळालेला कुत्रा दूर जातो. मारू नये, ओरडू नये. काही लोक म्हणतात की जवळ घेतले तर तो आणखी भित्रा होतो. ते खरे नाही. भिलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. तो जवळ आला तर शांतपणे हात फिरवावा, न आला तर मागे लागू नये.

आणि सणाला दोन-तीन महिने असताना मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावावा आणि त्याच वेळी भाकरीचा तुकडा द्यावा. तो निवांत खात असेल तरच चार-आठ दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. कान ताठ झाले, खाणे थांबले, की पुन्हा कमी करावा. घाई केली तर केलेले सगळे वाया जाते.

आपल्या गल्लीतला आवाज

हे सगळे लिहून झाल्यावर एक अवघड गोष्ट उरते. फटाके दुसऱ्यांचे म्हणून आपण सहज बोलतो. पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे आपलाच असतो. त्याने घरांच्या काचा हादरतात, तान्ही पोरे दचकतात, हृदयविकाराच्या माणसाचे ठोके चुकतात. ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा आहे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा त्यात घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येते. नियम सगळ्यांना सारखा, मग मिरवणूक कोणाचीही असो.

यंदा जयंतीच्या आधी बहिणीने गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना गाठले. म्हणाली, "बाळांनो, आपल्या गल्लीपुरता डीजे बंद ठेवा." एक पोरगा फटकन म्हणाला, "मावशी, कुत्र्यासाठी जयंती बंद करायची व्हय?" बहीण गप्प झाली. तेव्हा दाराशी बसलेल्या आजी बोलल्या, "कुत्र्यासाठी नगं, बाबा. माझ्यासाठी कर. असा दणका बसला की मला किल्लारीची रात दिसते." पोरगा काही बोलला नाही. इतकी वर्षे आजी दाराजवळ का झोपतात, हे त्या गल्लीत कोणी विचारलेच नव्हते.

आम्हाला ते ऐकून आमचीच आठवण झाली. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या भूकंपाचा धक्का नांदेडला जाणवला, तेव्हा हातातला चहा टाकून आम्ही अंगणात पळालो होतो. पुढे दोन दिवस दाराची कडी वाजली तरी छातीत धस्स होत होते. आमचे दोन दिवसांत सरले. आजींचे तीस वर्षांहून अधिक काळ सरलेले नाही.

चौदा एप्रिलला मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली आणि पोरांनी आवाज बंद केला. नुसत्या घोषणा देत, निळे झेंडे घेऊन त्यांनी गल्ली ओलांडली आणि पुढच्या चौकात पुन्हा गाणे लावले. आतल्या खोलीत आजी आणि शेरू एका गोधडीवर बसले होते. शेरूला डॉक्टरांनी लिहून दिलेले, आधी शांत दिवशी देऊन पाहिलेले औषध दिले होते. आजीने आपली गोळी आपल्या वेळेला, आपल्या पाकिटातून घेतली होती. शेरू अजिबात कापला नाही असे म्हणणे खोटे होईल. चौकातला आवाज वाढला तेव्हा तो कापला. पण मोरीत गेला नाही आणि रात्री भाकरी खाल्ली. बहिणीचा मुलगा मात्र अजून त्याच्यापासून हातभर लांब बसतो. दाजी म्हणतात, बसू द्या, येईल हळूहळू.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. घरात भ्यालेला कुत्रा असेल तर आजीच्या गोळ्यांच्या पाकिटाला हात लावू नका. आधी त्याचे दुखणे पाहा, पशुवैद्याला विचारा आणि औषध लागले तर त्याच्याच नावाने आणा. आणि घरात भ्यालेले म्हातारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून ते कशाला भिते, हेही एकदा विचारा. बहिणीला आम्ही फोनवर उत्तर दिले त्या रात्री आम्ही दोन्हींपैकी काहीच विचारले नव्हते.

येत्या दिवाळीला अजून अवकाश आहे. मोबाइलवरचा बारीक आवाज आणि भाकरीचा तुकडा यांची सुरुवात आजपासूनच करता येईल. आपापले अनुभव जरूर लिहून कळवावेत.

जयभीम.